हराळी

आमच्या नगर भागात रब्बीची ज्वारी पेरायची तर रान कितीतरी आधी धरावं लागतं. उन्हाळ्यात नांगरट करायची, ती तापू द्यायची, मग पाऊस पडून तण उगवेल तशी कुळवाची पाळी घालायची. पेरणी काय, एका दिवसाचं काम. उपासनेसाठी मात्र आम्ही ख्रिस्ती माणसं रविवारी सकाळीच तयार होतो. इस्त्रीचा सदरा, बगलेत पवित्र शास्त्र, खिशात दानाची नोट. टाळ-पेटीवर ना. वा. टिळकांचं भजन सुरू झालं की मन भरून येतं, आणि भरून आलेलं मन म्हणजे तयार मन, असं आम्ही धरून चालतो.

होशेय संदेष्टा पडीक रान नांगरायला सांगतो. पडीक म्हणजे वाईट नव्हे, नुसतं हात न लागलेलं. हराळी अशाच रानात माजते. नांगरल्यावर वरून काळंभोर दिसतं, पण एक कांडी राहिली की पुन्हा हिरवं. ती हातानंच वेचावी लागते, दरसाल.

मनातली हराळी बहुतेक बांधावरचीच. अर्पण वेदीपाशी आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर ते तिथंच ठेवून आधी समेट करून ये, असं प्रभू मत्तयाच्या पाचव्या अध्यायात सांगतो. त्यातली गोम सहज निसटते. माझ्या मनात त्याच्याविषयी काही असेल तर, असं ते नाही. त्याच्या मनात माझ्याविषयी. थोरल्या चुलतभावाची माझ्यावर तक्रार आहे. सरकारी मोजणीत बांध माझ्या बाजूनं निघाला, नकाशा माझ्या पेटीत आहे. मग मी का जायचं? पण तो मंदिरात दोन बाकं सोडून बसतो, आणि प्रभुभोजनाची भाकर एकाच ताटातून आम्हा दोघांपुढं येते.

मनातल्या मनात क्षमा कर, असं लोक सांगतात. मला ते पटत नाही. वचनात चालत जायला सांगितलंय. जाणं म्हणजे काही जमीन सोडणं नव्हे.

औंदा त्याची मोटार जळाली, कांदा सुकायला लागला. चार दिवस माझ्या विहिरीचं पाणी दिलं. "दादा, पाइप तुझा टाक," एवढंच बोललो. त्यानं टाकला. बांधाचा विषय निघाला नाही. गुरुवारी रात्रीची लाईट आहे. तो पाणी धरायला येईल, तेव्हा त्याच्याजवळ जाऊन बसायचं ठरवलंय.