साठेखत, खरेदीखत आणि सातबारा

भारतीय संविदा अधिनियम 1872 चा आहे आणि त्याची मांडणी पायरीपायरीने चढते. एकाने ठेवलेला प्रस्ताव दुसऱ्याने स्वीकारला की वचन होते. वचनामागे मोबदला, म्हणजे कायद्याच्या भाषेत प्रतिफल, असले की करार होतो. ज्या कराराची अंमलबजावणी न्यायालयामार्फत करून घेता येते, तीच संविदा. या शेवटच्या पायरीसाठी कलम 10 च्या अटी आहेत: पक्षकार सज्ञान व शुद्धीवर असावेत, संमती मोकळी असावी, हेतू आणि प्रतिफल कायदेशीर असावे. यांतली संमतीची अट वाचायला सोपी आणि सिद्ध करायला सर्वांत अवघड.

पुणे जिल्ह्याला याचा अनुभव लगेच आला. 1873 मध्ये जांभोरीच्या होन्या भागोजी केंगले यांनी सावकारांविरुद्ध बंड उभारले. 1876 मध्ये ते पकडले गेले. मधल्या काळात, 12 मे 1875 रोजी, सुप्याच्या बाजारात दंगल पेटली. ती पुणे व नगर जिल्ह्यांत पसरली आणि ठिकठिकाणी सावकारांकडचे कर्जरोखे जाळले गेले. जमावाला माणसांपेक्षा कागद हवे होते, आणि यात हिशेब होता: न्यायालय रोख्यावरचा अंगठा पाहून हुकूमनामा देत असे. 1859 च्या कायद्याने कर्जवसुलीच्या दाव्याची मुदत तीन वर्षांवर आणली होती. त्याचा फायदा ऋणकोला व्हायचा, झाले उलटे. मुदत संपण्याआधी सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई, आणि असा प्रत्येक रोखा न्यायालयापुढे राजीखुशीचा करार ठरे.

1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहार मुळापासून तपासायला लावले. संविदा अधिनियमातही 1899 मध्ये गैरवाजवी दडपणाचे कलम 16 नव्याने लिहिले गेले. एक पक्ष दुसऱ्याच्या इच्छेवर हुकमत चालवू शकत असेल आणि सौदा वरवर पाहताच जाचक दिसत असेल, तर दडपण नव्हते हे त्या वरचढ पक्षाने सिद्ध करायचे. मोबदला अपुरा आहे एवढ्याने करार शून्य ठरत नाही, मात्र संमती मोकळी होती का हे ठरवताना न्यायालय तो अपुरेपणा विचारात घेऊ शकते.

संज्ञा कळली असे तेव्हाच म्हणावे, जेव्हा तिच्यामुळे कोणता हक्क मिळतो आणि कोणता मिळत नाही हे सांगता येते. जमिनीच्या कागदांइतके हे कुठेच ठळक दिसत नाही. गहाणात मालकी मूळ मालकाकडेच राहते आणि कर्ज फेडून जमीन सोडवण्याचा हक्कही. विक्रीत दोन्ही जातात. पैसे फेडल्यावर जमीन परत देण्याच्या बोलीवर खरेदीखत लिहून घेण्याची चाल जुनी आहे. 1929 च्या दुरुस्तीपासून अशा शर्तीच्या विक्रीला गहाण म्हणायचे तर ती शर्त त्याच दस्तात लिहिलेली असावी लागते. बाजूला घेतलेल्या आणाभाकांचा येथे उपयोग होत नाही.

साठेखताबद्दलचा, म्हणजे पुढे विक्री करण्याच्या कराराबद्दलचा, गैरसमज याहून व्यापक आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 54 नुसार साठेखताने जमिनीत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. इसार दिलेल्या खरेदीदाराला मिळतो तो खरेदीखत करून मागण्याचा हक्क, आणि त्यासाठीचा दावा सामान्यतः तीन वर्षांत लावावा लागतो. मुखत्यारपत्राच्या आधारे केलेल्या ‘विक्री’ने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले.

असाच गैरसमज सातबाऱ्याबद्दलही आहे. घोडेगाव हे पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्याचे मुख्यालय. तहसील कचेरी आणि दिवाणी न्यायालय दोन्ही तेथेच असल्याने एकाचे काम दुसऱ्याच्या नावावर खपते. फेरफार मंजूर झाला, सातबाऱ्यावर नाव चढले, म्हणजे मालकी ठरली असे धरले जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे ही नोंद खरी असल्याचे गृहीत धरले जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयच सोडवते.

तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणापासून भीमाशंकरच्या डोंगरापर्यंत, आदिवासींच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर आहेत. तेथे आणखी एक अडसर आहे. संहितेच्या कलम 36-अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. संमती मोकळी असो, मोबदला पुरेपूर असो, मंजुरी नसेल तर हस्तांतरण टिकत नाही. स्वातंत्र्याची ही कपात आहे, हा आक्षेप खोटा नाही. 1875 चा इतिहास पाहता ती कपात समर्थनीय आहे.

वाद न्यायालयात गेल्यावर वादीचा दावा, प्रतिवादीची कैफियत आणि निकालानंतर हुकूमनामा असा क्रम असतो. दरम्यान जमिनीची स्थिती बदलू नये म्हणून तात्पुरता मनाई हुकूम मागता येतो. तोच मुद्दा त्याच पक्षकारांत एकदा अंतिमतः निकाली निघाला की पुन्हा उकरता येत नाही. हुकूमनाम्याने ताबा मात्र आपोआप मिळत नाही; त्यासाठी वेगळी दरखास्त द्यावी लागते, आणि ताब्याच्या हुकूमनाम्यासाठी तिची मुदत बारा वर्षे आहे.