सारफथला कोण कुणाला वाढतं?

आजचा शास्त्रपाठ : १ राजे १७:८-२४



परीक्षा संपल्या की आपल्या तरुण संघात दरवर्षी एक प्रश्न फिरायला लागतो. मिशन ट्रेनिंगला जाऊ का? बाहेरदेशी सेवेला जाऊ का? कुणी पाळकसाहेबांना विचारतं, कुणी घरी न सांगताच फॉर्म भरून मोकळं होतं. मीही चोविसाव्या वर्षी असाच फॉर्म भरला होता. आज सकाळी एलीयाचा हा पाठ आला आणि ते सगळं पुन्हा आठवलं. म्हणून आजचं मनन जरा लांब आहे, सांभाळून घ्या.

आधी पाठ बघू. देशात दुष्काळ आहे. एलीया करीथ ओढ्याकाठी लपलाय, कावळे त्याला अन्न आणून देतायत. मग ओढा आटतो. देव त्याला उठवून सीदोनातल्या सारफथ गावी पाठवतो. म्हणजे देशाबाहेर, आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावर. राणी ईजबेलचं माहेर त्याच मुलखातलं, म्हणजे ज्यांच्यापासून लपायचं त्यांच्याच गावाकडे निघायचं.

आता देव त्याला काय सांगतो ते नीट बघा. जा आणि तिथल्या गरिबांना वाचव, असं तो सांगत नाही. तिथली एक विधवा तुझ्या जेवणाची सोय करील, असं सांगतो. आणि ही विधवा कशी? घरात मूठभर पीठ, कुपीच्या तळाशी तेल. ती काटक्या गोळा करतेय, कारण शेवटची भाकरी भाजायची, लेकराबरोबर खायची आणि मग मरणाची वाट बघायची. तिच्या दारात देवाचा माणूस येतो तो हात पसरून. आधी पाणी मागतो, मग भाकरी. वर म्हणतो, आधी मला दे.

खरं सांगते, मला हा पाठ कधी आवडायचा नाही. उपाशी बाईच्या ताटातलं मागणारा हा कसला संदेष्टा, असं वाटायचं. माझ्या डोक्यातली मिशनरीची प्रतिमा वेगळी होती. मिशनरी देतो. औषध देतो, शाळा देतो, वचन देतो. घेतात ते समोरचे.

याच प्रतिमेच्या जोरावर मी सपोर्टचं पत्र लिहिलं होतं. नोकरी सोडली होती, साठवलेले पैसे पुरणार नव्हते. पाच महिन्यांचं ट्रेनिंग : तीन महिने थायलंडमध्ये चियांग माईजवळ वर्ग, मग आठ आठवडे कंबोडियात सेवा. सगळा खर्च दोन लाखांच्या पुढे जात होता. पत्रात मी लिहिलं, "गरजवंतांची सेवा करण्यासाठी प्रभूने मला बोलावलं आहे." मंडळीतल्या लोकांनी मनापासून दिलं. आमच्या मागच्या बाकावर बसणाऱ्या एक आजी आहेत, एकट्याच राहतात, ब्लाउज शिवून आणि फॉल-पिको करून भागवतात. त्यांनी उपासना संपल्यावर माझ्या हातात एक पाकीट कोंबलं. घरी येऊन उघडलं तर पाचशे रुपये. शंभराच्या दोन नोटा, बाकी सगळ्या पन्नास आणि वीसच्या.

ट्रेनिंग चांगलं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पहाटे क्वाएट टाइम, दर आठवड्याला नवीन शिक्षक, नवीन विषय, रोज जर्नल लिहायचं. दुपारी कामाची पाळी. माझ्या वाट्याला भांडी आली, साठ माणसांची. खोलीत एक कोरियन, एक ब्राझीलची आणि एक फिलिपिनो. प्रार्थना कशी करायची, साक्ष कशी द्यायची, लहान मुलांसाठी नाटुकलं कसं बसवायचं, हे सगळं आम्ही शिकलो. दुसऱ्याच्या घरी पाहुणं म्हणून कसं बसायचं, हे मात्र कुणी शिकवलं नाही. मला तरी वाटत होतं की ते येतंच.

कंबोडियात आम्हाला बाट्टाम्बांग प्रांतातल्या एका खेड्यात ठेवलं होतं. चारी बाजूंना भातशेती. पहिल्या आठवड्यात मला फार आपलंसं वाटलं. तिथेही हात जोडूनच नमस्कार करतात. शिक्षकाला 'क्रू' म्हणतात, तो आपला गुरू. आंगकोर म्हणजे आपलं नगर. आकडे मात्र गमतीचे : पाचपर्यंत मोजायचं, आणि सहा म्हणजे पाच-एक, सात म्हणजे पाच-दोन. मी मुलांना इंग्रजी शिकवायचे आणि मुलं मला मोजायला शिकवायची. ती जास्त चांगली शिक्षक होती.

दोन दिवस आम्ही शाळेच्या कुंपणाला रंग दिला. आमच्यापैकी कुणालाच रंगकाम येत नव्हतं. ज्या स्थानिक बंधूंबरोबर आम्ही काम करत होतो, त्यांना सगळे बोंग म्हणायचे, म्हणजे दादा. ते आमच्या मागून ब्रश घेऊन ओघळ पुसत फिरत होते, हसतमुखाने. त्या रात्री मी जर्नलच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. माझ्या एकटीच्या प्रवासाच्या आणि राहण्याच्या पैशात गावातल्या रंगाऱ्याला किती दिवसांचं काम मिळालं असतं? आकडा बघितला आणि वही मिटली. आजींच्या विसाच्या नोटा डोळ्यांसमोर येत राहिल्या.

मग ती दुपार आली. गावातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी आम्हाला जेवायला बोलावलं. त्यांना सगळे येय म्हणायचे, म्हणजे आजी. १९७५ ते १९७९ या ख्मेर रूजच्या काळात देशातली पंधरा ते वीस लाख माणसं गेली, उपासमारीने, आजाराने, मारझोडीने. येयचा नवरा आणि दोन मुलं त्यातच गेली. खांबांवर उभं केलेलं लाकडी घर, खाली दोन कोंबड्या. आम्ही पोचलो तेव्हा एकच कोंबडी फिरत होती.

दुसरी आमच्या पानात होती, गवती चहा घालून केलेली. आम्ही आठ जण. येय स्वतः नुसता भात आणि थोडा रस्सा घेऊन बाजूला बसल्या होत्या.

माझ्या घशाखाली घास उतरेना. आम्ही सेवा करायला आलो आणि हिच्या घरची कोंबडी खातोय? जेवण झाल्यावर मी हळूच वीस डॉलरची नोट ताटाखाली सरकवली. तिथे डॉलर सगळीकडे चालतात. पायऱ्या उतरून पन्नास पावलं गेले असेन, तोच येय मागून आल्या. नोट माझ्या हातात ठेवली, माझी मूठ मिटली, आणि काहीतरी बोलून परत फिरल्या. रागावल्या होत्या हे समजायला भाषेची गरज नव्हती. मी बोंगना विचारलं, त्या काय म्हणाल्या? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "विचारत होत्या, माझं घर खाणावळ आहे का?"

त्या रात्री मी पहिल्यांदा एलीयाचा पाठ नीट वाचला.

मला वाटत होतं की माझ्या मनात येयबद्दल दया आहे. दया होती, नाही असं नाही. पण तिच्या पोटात दुसरंही काहीतरी होतं. कुणाचे उपकार माझ्यावर राहू नयेत, मी वरच्याच बाजूला राहावं, हिशोब चुकता व्हावा, अशी इच्छा. मी येयकडून जेवण घेतलं असतं तर क्षणभर तरी ती देणारी आणि मी घेणारी झाले असते. वीस डॉलरनी मी ते उलटं करायला गेले. जो सतत देतो आणि कधीच घेत नाही, तो समोरच्याला कायमचा भिकारी करून ठेवतो. येयना वर्षानुवर्षं कुणी ना कुणी काही ना काही दिलं असेल. पण किती जण त्यांच्या घरी बसून त्यांच्या हातचं जेवले असतील?

प्रभू येशूने लूकच्या दहाव्या अध्यायात सत्तर जणांना पाठवलं, तेव्हाही थैली आणि झोळी घेऊ नका म्हणून बजावलं, आणि ज्या घरात जाल तिथे पुढे वाढतील ते खा म्हणून सांगितलं. मी हे नेहमी साधेपणाचा धडा म्हणून वाचायचे. आता वाटतं, यात आणखी काही आहे. झोळी रिकामी असली की माणसाला दार ठोठवावंच लागतं.

पण थांबा. इथे एक मोठा धोका आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. हाच पाठ वापरून गरीब विधवांकडून पैसे काढणारेही आपण पाहिलेत. "आधी देवाच्या सेवकाला दे, मग तुझं मडकं रिकामं होणार नाही," असं स्टेजवरून सांगायचं आणि स्वतः एसी गाडीतून निघून जायचं. मग एलीयात आणि त्यांच्यात फरक काय?

मला पाठातच तीन फरक दिसतात. पहिला, एलीया खरोखर उपाशी होता. त्याचा ओढा आटला होता, त्याच्याकडे दुसरी भाकरी नव्हती. दुसरा, तो घेऊन निघून गेला नाही. तो, ती आणि तिचं घर, सगळे बरेच दिवस एकाच मडक्यातलं खात राहिले. तिसरा फरक सतराव्या वचनापासून पुढे आहे. तिचा मुलगा मरतो तेव्हा एलीया त्याच घरात आहे. ती दुःखाने त्यालाच बोल लावते, तो ऐकून घेतो. मूल उचलून वर नेतो, स्वतःच्या बिछान्यावर ठेवतो आणि देवाशी भांडतो. आलेल्या संकटात तो तिचा होतो.

या तिसऱ्या फरकापाशी मी अडकते. कारण आम्ही छपन्नाव्या दिवशी निघालो. येयच्या घरी पुढे काय झालं, मला माहीत नाही.

आपल्या मातीत तर याचं उलट उदाहरण आहे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन तरुण १८१३ साली मुंबईत उतरले. कंपनी सरकारने त्यांना आधी परत जायला फर्मावलं होतं. हॉल राहिले, मराठी शिकले, मुलांना इथेच पुरलं. १८२६ साली नाशिककडे पटकीची साथ होती. तिथल्या आजाऱ्यांना औषधं देऊन परतताना त्यांना स्वतःलाच पटकी झाली आणि वाटेतच ते वारले. तेरा वर्षं. एकेकाळी सारफथ म्हणजे आपलाच प्रदेश होता, हे आपण विसरतो.

मग आठ आठवड्यांची सेवा खोटी का? मला तसं वाटत नाही. पण तिला सेवा म्हणणं खोटं आहे. ते शिकणं आहे, आणि शिकणाऱ्याने शिकणाऱ्यासारखं वागावं. मी आज पुन्हा पत्र लिहिलं तर लिहीन, "मला शिकायला जायचं आहे, मदत कराल का?" त्यावर कदाचित कमी पैसे जमतील. पण ते खरे असतील.

जे यंदा फॉर्म भरताय त्यांनी जाण्याआधी विचारा : तिथल्या मंडळीने आपल्याला बोलावलंय का? आपण करणार ते काम तिथल्या माणसाची मजुरी तर खात नाही ना? आपण निघाल्यावर कोण राहणार आहे? आणि अनाथाश्रमाची भेट कार्यक्रमात असेल तर दहादा चौकशी करा. कंबोडियात अशा आश्रमांतल्या बहुतेक मुलांची आई किंवा वडील हयात असल्याचं आढळलं आहे. पाहुणे आणि देणग्या येतात म्हणूनही आश्रम वाढतात. आपल्या फोटोसाठी एखादं लेकरू आईपासून लांब राहू नये.

परत आल्यावर मी पुण्यात आधी त्या आजींकडे गेले. सगळं सांगितलं, कुंपणाचं, हिशोबाचं, वीस डॉलरचं. म्हटलं, "आजी, तुमचे पाचशे रुपये मला परत करायचेत." त्यांनी मशीन थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. तीच नजर, येयसारखी. मी नोटा पर्समध्ये परत ठेवल्या.

मग त्यांनी विचारलं, "कोंबडी कशात केली होती म्हणालीस?"

"गवती चहात."

"कोंबडीत? गवती चहा?" त्या बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "तिचं नाव सांग. प्रार्थनेत घेते."

मला येयचं नाव माहीत नव्हतं. आठ आठवड्यांत मी विचारलंच नव्हतं. मी बोंगना मेसेज करून विचारलं, दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. तेव्हापासून आजी रोज रात्री ते नाव घेतात, त्यांच्या पद्धतीने उच्चारून. आणि गुरुवारी मी त्यांच्याकडे जेवायला जाते, रिकाम्या हाताने. अजून अवघड जातं.

प्रार्थना : हे प्रभू, तू आम्हाला पाठवशील तिथे आम्हाला पाहुणे म्हणून जायला शिकव. ज्यांच्या घरचं आम्ही खाल्लं त्यांची नावं आम्हाला लक्षात राहू देत. आणि त्यांच्यावर संकट येईल तेव्हा आम्हाला लांब पळू देऊ नकोस. येशूच्या नावाने मागतो. आमेन.