उमेदवारी

कॅथलिक मठात उमेदवार म्हणून शिरायचं, तर वयाची १७ वर्षं पुरी हवीत, असा चर्चचा १९८३ चा कायदा आहे. पुढं निदान १२ महिने उमेदवारी. मगच दारिद्र्य, ब्रह्मचर्य नि आज्ञापालनाची शपथ. नाही जमलं, तर खुशाल घरी जा! (लग्नालासुद्धा ही सवलत नाही.)

आमच्या गंगाखेडच्या जनीला मात्र कुणी विचारलंच नाही. परंपरा सांगते, पोरवयातच ती पंढरपुरात नामदेवांच्या घरी आली. दळणकांडण, शेणगोठा, तिन्ही व्रतं आयतीच गळ्यात! मग न निवडलेली भक्ती खरी कशी?

मला वाटतं, जातं तिनं निवडलं नव्हतं. पण दळताना हाक कुणाला मारायची, ते तिचं तिनंच ठरवलं. मठातल्या पोरालाही झाडू हातात आला, की रोज हेच ठरवावं लागत असणार. त्याला १२ महिने कसे पुरतात, देव जाणे!