पाण्याची वाट

मिरकरवाड्याच्या बंदरातून मासळी उचलायची आणि आंबा घाट चढून कोल्हापूरला पोचवायची, हा दोघा भावांचा धंदा. गाडी वडिलांच्या वेळची, टाटा ४०७. धाकटा ती चालवी. थोरला शेजारी बसे, बाजारात हिशेब करी. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद राहते. त्याआधी पासिंग उरकावं म्हणून मे महिन्यात दोघांनी गाडी मिरजोळ्याच्या एका गॅरेजात आणली.

"चाचा, केबिनला आतून गंज धरलाय. वरून गंजरोधक रंगाचा एक हात मारा. परवा गाडी हवी," धाकटा म्हणाला.

चाचांनी सीट सोडवल्या, रबरी मॅट उचलली. खालच्या पत्र्याचे पापुद्रे सुटले होते. हातोडीच्या टोकाने ते ठोकत गेले. बराच पत्रा खणखणीत वाजला. ड्रायव्हरच्या पायाखाली मात्र टोक आरपार गेलं.

"यावर रंग मारला तर पासिंगपुरता टिकेल," चाचा म्हणाले. "लोखंडाचा गंज झाला की तो जास्त जागा मागतो आणि वरचा रंग उचलून टाकतो. शिवाय भुसभुशीत असतो, ओल खालपर्यंत पोचू देतो. त्यात तुमचे पाय बंदरावरच्या खाऱ्या पाण्यातून आलेले. मीठ असलं की गंज दुप्पट हाताने खातो."

"खारं पाणी तर वडिलांच्या वेळेपासून आहे," थोरला म्हणाला. "मग एका वर्षात एवढं कसं झालं?"

चाचा खाली बसून दाराची खालची कड चाचपू लागले. काचेच्या रबरातून पावसाचं, धुण्याचं पाणी दारात उतरतंच. ते गळून जावं म्हणून दाराच्या तळाशी बारीक भोकं ठेवलेली असतात. या गाडीची भोकं डांबराने बंद होती. चाचांनी स्क्रू-ड्रायव्हरने डांबर उकरलं, तसं तपकिरी, कुबट पाणी धार लावून बाहेर आलं. तळाच्या पत्र्यातली भोकंही तशीच बुजलेली निघाली.

"मीच बुजवली," धाकटा हळूच म्हणाला. "गेल्या पावसात रस्त्याचं पाणी खालून उडत होतं. दादाच्या पायांना ओल सोसत नाही. म्हटलं, केबिन कोरडी राहील."

"हेतू चांगला होता, बाबू. पण पाणी यायच्या वाटा कितीतरी. त्या सगळ्या कोणाला बंद करता येत नाहीत. जायच्या वाटा मोजक्या होत्या, त्या तू बुजवल्यास."

गाडी परवा मिळाली नाही. चाचांनी आधी गोड्या पाण्याने आतला पत्रा धुतला. रंगाखाली मीठ राहिलं तर तिथे फोड येतात. उन्हात वाळवून तारेच्या ब्रशने गंज खरवडला, कुजलेला तुकडा कापून नवा पत्रा वेल्डिंगने बसवला, पॉलिश पेपर फिरवला, थिनरच्या फडक्याने पुसलं. प्रत्येक भोकात माडाच्या हिराची काडी खोचली, म्हणजे रंगाने ते बुजू नये. मग रेड ऑक्साइड. आधी सांधे आणि कडा, कारण कडेवर रंग पातळ बसतो. मग सपाट भाग. एक हात पुरता वाळल्यावर दुसरा. शेवटी राखाडी ऑइलपेंट.

दुसरा हात वाळत होता, त्या दुपारी दोघे भाऊ गॅरेजबाहेर बसले होते. गेले काही महिने त्यांच्यात डिझेल आणि बर्फापलीकडे बोलणं नव्हतं.

"दादा," धाकटा म्हणाला, "पतपेढीच्या कर्जाचं मला कळलंय. बाहेरच्या माणसाकडून कळलं. तेव्हापासून मनात धरून बसलोय. वाटलं, तू पैसे वेगळे काढतोयस."

थोरल्याचा चेहरा उतरला. "मासळी मिळत नव्हती, हप्ते थकले होते. तू रात्रभर घाटात गाडी चालवतोस. तुझ्या डोक्याला ताप नको म्हणून सांगितलं नाही."

"आणि मीही विचारलं नाही."

थोरल्याने पिशवीतून वही काढली आणि पहिल्या पानापासून आकडे वाचून दाखवले. कर्ज भीती वाटावी एवढं मोठं नव्हतं. धाकट्याच्या मनात ते फार मोठं झालं होतं. मासेमारी बंद असेल तेव्हा आंब्याच्या कॅनिंगवाल्यांची आणि किराण्याची भाडी मारून हप्ते फेडायचं दोघांनी तिथेच ठरवलं. यापुढे दर रविवारी वही दोघांनी मिळून बघायची, हेही ठरलं.

गाडी ताब्यात देताना चाचांनी काड्या उपसल्या आणि हिराची एक जुडी धाकट्याच्या हातात ठेवली. "चिखलाने भोकं पुन्हा बुजतील. पावसात दर आठवड्याला काडी फिरव. रंग कितीही चांगला असला तरी साचलेल्या पाण्यापुढे तो हरतो."

बोध: घरात अडचण, चूक किंवा शंका शिरूच नये, असा बंदोबस्त कोणालाच जमत नाही. माणसं मायेपोटी एकमेकांपासून गोष्टी लपवतात, आणि ती मायाच बोलण्याची वाट बंद करते. मनात आलेलं साचू देऊ नये. ते वेळच्या वेळी, ज्याचं त्याच्याशी बोलावं. नातं टिकवायचं तर ही वाट रोज मोकळी ठेवावी लागते, आणि ते काम दोघांचंही असतं.