साक्षीदार आणि सूर

खोटे बोलणाऱ्या माणसाच्या कलेत सत्य वसू शकते काय? बंक जॉन्सन या वृद्ध ट्रंपेटवादकाच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना हा प्रश्न मला दर वेळी अडवतो.

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स हे जाझ संगीताचे माहेर. तेथील जुन्या पिढीचे हे वादक पुढे विस्मृतीत गेले. न्यू आयबेरिया या गावी ते मोलमजुरी करीत होते. तोंडात दात नव्हते, आणि दातांच्या आधाराविना ट्रंपेट वाजविणे जवळजवळ अशक्यच. १९३० च्या दशकाच्या अखेरीस जाझच्या इतिहासकारांनी त्यांना शोधून काढले. ‘दात आणि वाद्य मिळाले तर मी पुन्हा वाजवीन’, असे त्यांनी कळविले. चाहत्यांच्या साहाय्याने दोन्ही मिळाले. जून १९४२ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे ते वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रणाला उभे राहिले.

या इतिहासकारांना त्यांनी सांगितले की, आपला जन्म १८७९ चा. आद्य जाझवादक बडी बोल्डन यांचे आपण साथीदार आणि लुई आर्मस्ट्राँग यांचे गुरू. पुढील संशोधकांच्या मते ते सुमारे दहा वर्षांनी धाकटे असावेत. गुरुपदाचा मान तर आर्मस्ट्राँग यांनी स्वतःच जो ऑलिव्हर यांना दिला.

‘म्हाताऱ्याची बढाई’ म्हणून हे सोडून द्यावे काय? मला तसे वाटत नाही. ऑलिव्हर १९३८ मध्येच निवर्तले होते. आपला मान परत मागायला ते येणार नव्हते. बढाई निरुपद्रवी भासते, पण ती पुष्कळदा दुसऱ्याच्या ताटातला घास असते. तथापि दोष एकट्या बंक यांचा नाही. विचारणाऱ्यांना आदिपुरुष हवा होता. भुकेल्या माणसाने त्यांना हवे ते दिले. ऐकणाऱ्याचा हावरेपणाही असत्याला जन्म देतो.

आणि तरीही ती ध्वनिमुद्रिका लावली की सूर कोणताच दावा करीत नाहीत. श्वास कोठे अपुरा पडला, हे त्यांत लपत नाही. साथीदारांना वाट करून देत चाललेला तो संथ, समजूतदार आवाज जसा आहे तसाच कानी येतो. जिभेने वय वाढविले. फुंकरीला ते करता आले नाही.

म्हणून सुरांसाठी असत्याला क्षमा देऊ नये, आणि असत्यासाठी सुरांना नाकारू नये. बंक जॉन्सन १९४९ मध्ये निवर्तले. त्यांच्या शब्दांची छाननी करणे हे ऑलिव्हर यांचे देणे आहे. त्यांचे वादन मनापासून ऐकणे हे बंक यांचे. वाचकहो, दोन्ही देणी एकाच माणसापायी फेडावी लागतात, हे आपल्या घरातील थोरामोठ्यांच्या गोष्टी ऐकतानाही ध्यानी असू द्यावे.