पाहणाऱ्याचे देणे

तिकीट काढून पाहिलेल्या चित्रपटाचा हिशेब सोपा असतो. आपण पैसे मोजले, त्यांनी तीन तास करमणूक केली. चांगला निघाला तर घरी येईपर्यंत त्याच्याविषयी बोलायचे, वाईट निघाला तर पैसे वाया गेले म्हणून हळहळायचे. दुसऱ्या दिवशी दोन्ही पक्ष मोकळे. परंतु गेली काही वर्षे मी जे चित्रपट पाहते आहे, त्यांचा हिशेब असा मिटत नाही. ते सात-आठ मिनिटांचे असतात, फार तर अर्ध्या तासाचे. त्यांची भित्तिपत्रके लागत नाहीत, त्यांत नावाजलेला नट नसतो. पुष्कळांत तर माणूसच नसतो, नुसती हलती चित्रे असतात. कुणीतरी कुठेतरी बसून, पुष्कळदा पदरमोड करून, ते केलेले असतात आणि मला घरबसल्या फुकट पाहायला मिळतात. फुकट मिळालेल्या वस्तूचे आपण काही देणे लागतो का, हा प्रश्न त्यांनी माझ्यामागे लावून दिला आहे.

माझी भाची म्हणते, “आत्या, तू उगाच जिवाला लावून घेतेस. करा म्हणून त्यांना कुणी सांगितलं होतं? त्यांना आनंद वाटला, त्यांनी केलं. तुला आवडलं, तू पाहिलंस. संपलं!”

तिचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. न मागता दिलेल्या वस्तूचे कर्ज होत नाही, हे कोणताही वकील सांगेल. पण दिवाळीत शेजारणीने न मागता पाठवलेले फराळाचे ताट आपण रिकामे परत करीत नाही. घरात दुसरे काही नसले तर चिमूटभर साखर घालून देतो. ती चकली शेजारणीनेही स्वतःच्या हौसेनेच तळलेली असते. आपण मागितलेली नसते. तरीही रिकामे ताट हातात घेऊन तिच्या दारात उभे राहवत नाही. हे नुसते संकोचाचे आहे, की त्यात कसले तरी खरे देणे आहे?

शेजारीण निदान शेजारी असते. फ्रेदेरिक बाक या चित्रकाराला मी ताट कुठे परत करणार? तो फ्रान्समधून कॅनडात जाऊन स्थायिक झाला आणि २०१३ साली वारला. त्याचा ‘झाडे लावणारा माणूस’ हा अर्ध्या तासाचा चित्रपट १९८७ सालचा. झाँ जिओनो या फ्रेंच लेखकाच्या गोष्टीवर तो बेतलेला आहे. दुधी काचेसारख्या दिसणाऱ्या पारदर्शक पत्र्यांवर रंगीत पेन्सिलींनी बाकने हजारो चित्रे काढली. त्यात सुमारे पाच वर्षे गेली. चित्रांवरचा रंग पक्का करण्यासाठी जे रसायन फवारतात, त्यापायी एका डोळ्याची दृष्टी तो आधीच गमावून बसला होता. उरलेल्या एका डोळ्याने त्याने हे काम केले.

गोष्ट एवढीच आहे. प्रोव्हान्सच्या उजाड डोंगरात एक धनगर एकटा राहतो. रोज रात्री तो ओकची फळे टेबलावर ओततो, निवडतो, शंभर निर्दोष फळे बाजूला काढतो आणि दुसऱ्या दिवशी लोखंडी कांबीने भोके पाडून ती पुरतो. जमीन त्याची नाही. कुणाची आहे हे त्याला ठाऊक नाही. तीन वर्षांत एक लाख फळे पुरली. वीस हजारांना कोंब आले. त्यांतली निम्मी उंदीर आणि दैव नेणार, असे तो शांतपणे सांगतो. म्हणजे उरणार दहा हजार. दोन महायुद्धे येतात आणि जातात, तो झाडे लावीत राहतो. पुढे जंगल उभे राहते, झरे वाहू लागतात, ओसाड गावांत माणसे परत येतात. सगळ्यात मौज अशी की, एक वनरक्षक येऊन त्यालाच बजावतो, उघड्यावर शेकोटी पेटवू नको, हे आपोआप उगवलेले जंगल आहे, त्याला धोका पोहोचेल! ते दृश्य पाहताना मी एकटीच मोठ्याने हसले, आणि हसता हसता गप्प झाले. आमच्या कोपऱ्यावर एक जुनी चिंच आहे. तिच्या सावलीत भाजी घेत मला तीस वर्षे झाली. ती कुणी लावली असेल, हा प्रश्न त्या रात्रीपर्यंत माझ्या मनात आला नव्हता. माझ्या लेखी तीही आपोआपच उगवली होती.

आता कुणी म्हणेल, बाकच्या पाच वर्षांनी आणि गेलेल्या डोळ्याने तुम्हाला भारावून टाकले. देणे वगैरे काही नाही, ही दया आहे. ही शंका मी स्वतःलाही घालून पाहिली. कष्ट हेच देण्याचे कारण असेल, तर ज्याने दहा वर्षे खपून एक रटाळ चित्रपट केला त्याचे देणे दुप्पट व्हायला हवे. असे रटाळ छोटे चित्रपट मी पुष्कळ पाहिले आहेत. लहान आणि स्वतंत्र म्हणजे चांगले, हा एक भाबडा समज आहे. पाऊस, खिडकी, तिच्याशी उदास मुलगी आणि मागे पियानो, एवढ्या भांडवलावर जगात किती चित्रपट निघाले असतील! त्यांचे मी शेवटपर्यंत पाहण्यापलीकडे काही देणे लागते असे मला वाटत नाही. तेव्हा देणे कष्टांचे नव्हे. चिंचेकडे पाहण्याची जी नजर मला मिळाली, तिचे ते देणे आहे. बाकला हे चित्रपट अर्ध्या दिवसात साधला असता, तरी ते तितकेच राहिले असते.

लहान म्हणजे मोठ्याची तयारी, हाही असाच एक समज. आपले दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) करण्यापूर्वी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या अंकुराची वाढ कॅमेऱ्याने थोडी थोडी टिपली होती. ती इवलीशी फिल्म त्यांनी मोजक्या लोकांना दाखवली आणि त्यांतल्या काहींनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. इतिहासात ती ‘भांडवल उभे करण्यासाठी’ म्हणून येते. मला मात्र वाटते, कोंब डोळ्यांदेखत वर येताना ज्यांनी पहिल्यांदा पाहिला, त्यांना त्या घटकेला हरिश्चंद्राची आठवणही झाली नसेल.

आणि नावाचे काय? दूरदर्शनवर वाढलेल्या पिढीला ‘एक अनेक और एकता’ (१९७४) आठवत नाही असे होणार नाही. सात मिनिटांची ती कार्टूनफिल्म, तिच्यातले ते गाणे! माझ्या भाचीला ते पाठ आहे. ती कुणी केली, असे विचारल्यावर मात्र ती गप्प. फिल्म्स डिव्हिजनसाठी ती दिग्दर्शित केली विजया मुळे यांनी. चित्रे हलती केली भीमसेन यांनी. विजयाबाई मुंबईत जन्मलेल्या, आणि २०१९ साली वारल्या तेव्हा अठ्ठ्याण्णव वर्षांच्या होत्या. लक्षावधी मुलांनी ते गाणे म्हटले, नाव कुणी विचारले नाही. हेही जंगलासारखेच: आपोआप उगवलेले. बाईंना त्याचे वाईट वाटत असे की नाही, हे मी कसे सांगणार? पण त्यांनी दुसरेही एक काम केले होते. १९५९ साली देशातल्या फिल्म सोसायट्यांचा महासंघ निघाला, सत्यजित राय त्याचे अध्यक्ष झाले. तो उभा करणाऱ्यांत विजयाबाई होत्या. म्हणजे रिळांचे डबे मागवायचे, सभागृह मिळवायचे, खुर्च्या मांडायच्या आणि दुसऱ्यांनी केलेले चित्रपट तिसऱ्यांना दाखवायचे.

हे वाचले तेव्हा मला वाटले की, ताट परत करण्याची एक रीत इथे आहे. आपल्याकडे पितृऋण बापाला परत करता येत नाही, ते मुलांना वाढवून फेडायचे असते. पाहिल्याचे ऋण तसे, दाखवून फेडायचे.

भाचीला हे फारच पटले. त्या आठवड्यात तिने मला दूरध्वनीवर चाळीस चित्रपट धाडले! तिचेही खरे होते. दाखवणे म्हणजे आता तेवढेच उरले आहे. बोट लावले की गेले. तिने स्वतः त्यांतले किती पाहिले होते, ते मी विचारले नाही. पडद्यामागचे यंत्रही मला असेच रोज काहीतरी सुचवीत असते. मी कुठे थांबते हे त्याला बरोबर कळते. का थांबले हे कळत नाही. आणि चित्रपट संपून नावे यायला लागली, की ते नावांची चौकट लहान करून कोपऱ्यात ढकलते आणि पुढचे ताट समोर आणते. पंगतीत वाढप्याने आधीचा घास गिळू न देता पुढचा वाढावा तसे. मी आता हट्टाने ती चौकट मोठी करून नावे वाचते. एकदा त्यामुळेच एव्हलिन लॅम्बार्ट हे नाव मला सापडले. नॉर्मन मॅक्लॅरन मोठा म्हणून सगळे सांगतात; १९४९ साली ऑस्कर पीटरसनच्या जॅझ वादनावर त्याने फिल्मच्या पट्टीवरच रंग ओतून, ओरखडे काढून एक चित्रपट केला. आज गाण्यांना चित्रे जोडायचा केवढा व्यापार आहे, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. त्या कामात लॅम्बार्ट बरोबरीची भागीदार होती. तिला लहानपणापासून कमी ऐकू येई. पियानोचा प्रत्येक ठोका जिथे रंग होऊन नाचतो, तो चित्रपट करणाऱ्या दोघांपैकी एकीला नीट ऐकू येत नव्हते, हे कळल्यावर मी तो पुन्हा पाहिला, आवाज बंद करून.

भाचीला मी सांगितले, चाळीस धाडू नकोस. एक घेऊन ये आणि शेजारी बस. ती आली. आम्ही बाक पाहिला. मध्ये तिने दोनदा दूरध्वनी हातात घेतला, दोनदा खाली ठेवला. वनरक्षकाच्या वेळी ती हसली नाही. ते मला थोडे लागले. शेवटी म्हणाली, “आत्या, हे सगळं ठीक आहे. आपण दोघींनी पाहिलं, उद्या मी आणखी कुणाला दाखवीन. पण आज कुणी असा पाच वर्षं बसून चित्रं काढत असेल, त्याचं घरभाडं कोण भरतं?”

तेव्हापासून, चित्रपटाखाली कर्त्याला पैसे पाठवायची सोय असेल तर मी तिकिटाएवढे पैसे पाठवते. पण बहुतेकांखाली तशी सोय नसते. आणि पैसे पाठवल्यावर, तिकीट काढून आल्यासारखेच, दुसऱ्या दिवशी मला मोकळे वाटते. ते बरे की वाईट, यावर आमचे दोघींचे अजून जमलेले नाही.