दाढ काढण्याआधी

मुकुंदनगर, पुणे
रविवार

चि. सोनू,


काल स्वारगेटला साताऱ्याची विनाथांबा गाडी लागली आणि आपलं बोलणं अर्धवट राहिलं. पायरीवर चढता चढता तू म्हणालीस, "आत्या, दाढ तर काढायचीच आहे. मग त्या खड्ड्यात हाडाची पूड भरायला वेगळे पैसे कशाला?" मी उत्तर देईपर्यंत दार लागलं. तुझा गाल सुजलेला, रुमाल तोंडाशी. घरी येईपर्यंत तेच डोळ्यांसमोर होतं. फोनवर हे सगळं नीट सांगून होणार नाही, म्हणून लिहायला बसले.

माझी खालची डावी दाढ काढली तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. ठणका थांबला, जखम भरली, मी विसरून गेले. पुढे मागची दाढ त्या मोकळ्या जागेत कलली आणि त्या बाजूने चावणं आपोआप सुटलं. इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू रोवून त्यावर बसवायचा दात, करून घ्यायचं मनावर घेतलं तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. डॉक्टरीणबाईंनी स्कॅन पडद्यावर लावला. हाडाची वरची कड खूप खाली गेली होती आणि जबड्यातून ओठाकडे जाणारी नस तिच्या अगदी जवळ आली होती. स्क्रू धरायला हाडच उरलं नव्हतं. त्या दिवशी रिक्षात बसून मी रडले. दात जातो हे ठाऊक होतं. त्याच्यामागून हाडही जातं, हे तेवीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

जबड्याच्या हाडाचा जो भाग दाताला धरून ठेवतो तो दाताबरोबरच घडतो आणि दातासाठीच टिकतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ पदर असतो. चावताना बसणारा दाब त्यातून हाडापर्यंत पोचतो, आणि खड्ड्याच्या आतल्या थराला रक्तही बरंचसं त्यातूनच मिळतं. दात निघाला की हा पदर संपतो. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, काही आठवड्यांत तिथे नवं कोवळं हाड येऊ लागतं. पण त्याच वेळी बाजूच्या भिंती झिजत असतात. गालाकडची भिंत पातळ, समोरच्या दातांपाशी तर बहुतेकांची एक मिलिमीटरही जाड नसते. ती आधी जाते. २००३ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी ४६ जणांच्या जबड्यांची मोजमापं प्रसिद्ध केली. दाढ किंवा उपदाढ काढल्यावर वर्षभरात त्या जागी जबड्याच्या कडेची रुंदी जवळपास निम्मी झाली होती, आणि त्यातली दोन-तृतीयांश झीज पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती. तू म्हणतेस तसं "पुढे बघू" म्हटलं तर काय होतं, ते यात आलं.

शाळेत शिकवत असताना मी मुलींना घेऊन डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जात असे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वी वसलेलं शेतकऱ्यांचं गाव. तिथल्या सांगाड्यांचा, दातांचा बारकाईने अभ्यास झाला आहे. जबड्यात दात नसेल तर तो जिवंतपणी पडला की मातीत गेल्यावर, हे अभ्यासकांना कसं कळतं, ते मला तिथे समजलं. मेल्यानंतर निसटलेल्या दाताचा खड्डा उघडा राहतो, कडा धारदार. जिवंतपणी गेला असेल तर खड्डा बुजलेला आणि हाडाची कड खचलेली. मुलींना ही गोष्ट रंगवून सांगताना माझ्या तोंडात तेच चाललं होतं, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

तर आता तुझं. दाढ काढल्याबरोबर, त्याच बैठकीत, डॉक्टर खड्डा स्वच्छ करून त्यात हाडाचे बारीक दाणे भरतात, वर कोलॅजेनचा पडदा ठेवतात आणि टाके घालतात. दाणे भिंतींना आधार देतात, मग चार-सहा महिन्यांत शरीर त्यांच्याभोवती आपलं हाड बांधतं. झीज पूर्ण थांबत नाही, कमी होते. हे मुद्दाम लिहिते, कारण "काहीच झिजणार नाही" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. खड्ड्याच्या भिंती जाड आणि शाबूत असतील, किंवा तिथे इम्प्लांट बसवायचंच नसेल, तर कदाचित याची गरजही नसेल. तुला बसवायचंय, म्हणून मी आग्रह धरते.

दाणे कशाचे, हेही विचार. बरेचदा ते गाई-बैलांच्या हाडापासून शुद्ध करून बनवलेले असतात, काही मानवी हाडाचे, काही कॅल्शियम फॉस्फेटचे कृत्रिम. पडद्याचं कोलॅजेनही प्राण्याचंच असतं. तुझ्या आजीला हे चालणार नाही आणि तुलाही कदाचित रुखरुख लागेल. खुर्चीत बसण्याआधी बोललीस तर डॉक्टर दुसरा पर्याय काढतील. नंतर कळून उपयोग नाही.

त्याही आधीचा प्रश्न म्हणजे, ही दाढ रूट कॅनॉल करून खरंच वाचत नाही का? मुळापर्यंत उभी चीर गेली आहे असं तू सांगितलंस, तसं असेल तर नाही वाचत. पण एकदा एक्स-रे समोर ठेवून डॉक्टरांच्या तोंडून ऐक. काढायचीच तर मुळं सुटी करून, हाड न फोडता काढणार का, हेही विचार. जाता जाता एक: तुझ्या आईला हाडांसाठी वर्षातून एकदा इंजेक्शन देतात ना? तिचा दात काढायची वेळ आली तर ते दंतवैद्यांना आधी सांगायलाच हवं. अशा औषधांनी क्वचित जबड्याची जखम भरत नाही.

पहिला दिवस चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉने काही प्यायचं नाही. गुठळी निघाली तर दाढ काढल्यावर दोन-तीन दिवसांनी असह्य ठणका लागू शकतो. एखाददुसरा दाणा जिभेला लागला तर घाबरू नकोस. आणि कुणी प्रेमाने मिश्री लावायला सांगेल, साताऱ्याकडे सांगतातच, तर स्पष्ट नाही म्हण. तंबाखू त्या जखमेच्या जवळ नको.

गुरुवारी तू सकाळच्या गाडीने ये. मी स्टँडवर साताऱ्याच्या फलाटापाशी उभी असेन, दवाखान्यात दोघी जाऊ. प्रश्न कागदावर लिहून आण, विसरलीस तर मी विचारीन. परतताना बर्फ घेऊ. मऊ भात आणि ताक सकाळीच करून ठेवते, म्हणजे तू येईपर्यंत भात गार झालेला असेल.

तुझी,
आत्या